एका कपाने काही होत नाही

चहात टॅनिन असते, ते अन्नातल्या लोहाला धरून बसते आणि माणसाच्या रक्ताला ते लोह मिळू देत नाही, हे शास्त्रीय सत्य उंद्री गावाने १९६३ सालच्या आरोग्य सप्ताहात एकमताने मान्य केले. उंद्रीने एकमताने काही मान्य करण्याची ही पहिलीच वेळ. परिणामही लगेच दिसला. मोतीरामच्या हॉटेलात चहा होता तेवढाच खपत राहिला, पाटलांच्या चुलीवरचे चहाचे भगोणे काही उतरले नाही, आणि बाजाराच्या दिवशी तर मोतीरामला दुधात घालायला पाणी पुरेना. लोकांनी चहा सोडला तो फक्त एका घरी. ज्याने हे टॅनिन गावात आणले, त्या सहदेव मास्तरच्या घरी.

तिथे तो आधीही कुणी पीत नव्हते.

सहदेव मास्तर बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक. घर बौद्ध झाल्याला सहा वर्षे होऊन गेली होती. गावाने अजून त्याची दखल घेतली नव्हती आणि वाड्याला जुन्याच नावाने हाक मारणे चालू होते. मास्तरने मात्र नोकरी कायम झाल्याबरोबर वाड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, टिनाचे दोन खोल्यांचे घर बांधले. पुढे ओसरी, ओसरीत लोखंडी खुर्ची, आणि आत फळीवर सहा कपबश्या, निळ्या फुलांच्या. त्या आणायला मास्तरची आई अंबूबाई स्वतः चिखलीच्या बाजाराला गेली होती. दुकानदार "हात लावू नको" म्हणायच्या आत तिने सहाही कप टिचकी मारून वाजवून पाहिले होते.

अंबूबाई दाई होती. चाळीस वर्षांत निम्मे गाव तिच्या हातावर जगात आले. अर्जुनराव पाटलांची चारही लेकरे तिनेच उतरवली. गावाचा नियम साधा होता. माणूस जगात येताना अंबूच्या हातात आला तरी चालतो. एकदा आला, बाराव्या दिवशी न्हाला, की मग त्याने जन्मभर तिच्या हातचे पाणी पिऊ नये. अंबूबाईने या नियमावर कधी वाद घातला नाही. पण पोराचे घर झाले, कपबश्या आल्या, तेव्हापासून तिने मनात एक धरले होते. अर्जुनरावांची बायको अन्नपूर्णाबाई आपल्या ओसरीत बसून आपल्या कपातला चहा पिते, एवढे तिला पाहायचे होते.

"आत्याबाई, पाटलीनबाई आपल्या घरी कायले येतीन वं?" सून बेबी विचारायची.

"येईन. मी तिच्या घरी चाळीस साल गेली. तिले एक डाव येता येत नाई का?"

बाकी गाव मात्र येत होते. सोसायटीचे अर्ज, कोर्टाची समन्से, मुंबईला गेलेल्या पोराचे पत्र, हे सगळे वाचून-लिहून द्यायला मास्तरच लागे. माणूस येई, खुर्चीवर फडके मारून बसे, काम करून घेई. तेवढ्यात बेबी कपबशी घेऊन येई आणि पाहुण्याला काही ना काही आठवे. माणिकरावांना पित्त होते. हिंमतराव नेहमीच "आत्ताच घेऊन आलो" असत. एकाला गुरुवारचा उपास निघाला. उपासाला चहा चालतो हे गडबडीत त्याच्या ध्यानात राहिले नाही. एक मात्र खरे, की या लोकांना प्रत्येक वेळी कारण शोधावे लागे आणि शोधताना ते जमिनीकडे पाहत.

पाहुणा गेला की कप तसाच राही. साखर-दुधाचा चहा फेकायचा म्हणजे अंबूबाईच्या जिवावर येई. ती तो पिऊन टाकी.

"ठेवू नका वं आत्याबाई उद्यापासून. कोनी पेत नाई, कायले करा?"

"घरी आलेल्याले इचारनं आपलं काम हाये. पेनं त्याचं."

अशी चार वर्षे गेली. मग त्रेसष्टच्या पावसाळ्यानंतर अंबूबाईला ओसरीची पायरी चढताना दम लागू लागला. नखे पांढरी पडली. बोलता बोलता ती भिंतीला टेकून डोळे मिटू लागली. मास्तरने तिला एस.टी.ने चिखलीला नेले. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवे, तिथे जोंधळ्याच्या पिठाचा रंग होता.

"चहा किती कप होतो, आजी?"

"माहे दोन."

"दोनच?"

"माहे दोन. बाकीचे पाव्हन्याइचे."

डॉक्टरला कळेना. मास्तरने खाली पाहत समजावून सांगितले. दिवसाचे आठ-दहा, कधी त्याहून जास्त, आणि बहुतेक भाकरीवरच. कारण लोक कामाला येत ते जेवणवेळेलाच. डॉक्टरने कागदावर लिहून दाखवले. चहात टॅनिन असते. भाजी-भाकरीत जे थोडेफार लोह असते ते टॅनिनला चिकटते आणि रक्तात न जाता बाहेर पडते. रक्ताच्या गोळ्या देतो. गोळीवर आणि जेवणावर चहा नको, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. "चहा म्हणजे काही विष नाही, मास्तर. वेळ पाळली तर एका कपाने काही होत नाही. पण यांच्या अंगात आता रक्तच उरलेलं नाही. हृदयावर ताण आलाय. सांभाळा."

मास्तर ज्या बाकावर बसला होता त्याच बाकावर बसून राहिला. गावाने नाकारलेला चहा आई पीत होती, आणि तो तिचे रक्त नासवत होता. हे असे सरळ वाक्यात मांडता येत होते, हीच त्याला मोठी आपत्ती वाटली.

घरी येऊन त्याने आईचा चहा बंद केला, अगदी पुरता. वेळ-बिळ पाळणे म्हातारीच्या हातून होणार नाही, म्हणून एक कपसुद्धा नाही. पाहुण्याला विचारणे मात्र अंबूबाईने सोडू दिले नाही. तेव्हापासून नाकारलेला चहा परसातल्या पपईच्या बुडात जाऊ लागला. म्हातारी दारात बसून तो जाताना पाही.

"पपईले रक्त लागत नाई का रे, सहादेवा?"

त्यातच आरोग्य सप्ताह आला. हेडमास्तर म्हणाले, कुणीतरी बोलायला पाहिजे, वरून पत्र आहे. विषय म्हणून नारू घ्या नाहीतर माशी घ्या. मास्तरने चहा घेतला. गावातल्या निम्म्या बायांच्या पापण्या आईसारख्याच पांढऱ्या असणार, त्याही भाकरीवर काळा चहा पितात; निदान त्यांचे तरी वाचेल, असे त्याच्या मनात होते. हेतू एवढा चांगला होता की घात होणार हे कुणाही अनुभवी माणसाने ओळखले असते.

शाळेच्या पडवीत सभा भरली. अध्यक्ष अर्थात अर्जुनराव पाटील. मास्तरने काचेच्या पेल्यात कोरा चहा घेतला, आईच्या औषधातली रक्ताची गोळी कुटून त्यात टाकली आणि ढवळले. तांबूस चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला. पडवीत गलका उठला.

"अबे, शाईच झाली ना!"

"मास्तर, मंग चहा पेनारीचं लेकरू पोटातूनच लिव्हाले शिकून येईन का?" हिंमतरावांनी विचारले, आणि सभा हसली. मास्तरही हसला. लोक ऐकत होते.

डॉक्टरने सांगितलेले त्याने सगळे सांगितले. एकच गोष्ट गाळली. चहा विष नाही, वेळ पाळली तर एका कपाने काही होत नाही, हे तो बोलला नाही. व्याख्यानात "पण" आला की लोक उठून जातात, हे त्याला नोकरीत कळले होते.

अर्जुनरावांनी समारोप केला. "मास्तरनं आज आपले डोये उघडले. चहा म्हन्जे पोटात शाई. सरकारी मानूस सांगून राह्यला, तं ध्यानात ठेवा." टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांसाठी मोतीरामच्या हॉटेलातून चहाची किटली आली. मोतीरामने सगळ्यांना दिला. मास्तरजवळ येऊन तो थबकला, आणि त्याच्या तोंडावर एक मोकळेपणा आला. मास्तरचा कप हॉटेलाच्या बाहेर खिळ्याला वेगळा टांगलेला असे. तो आज आणायचा राहिला होता.

"मास्तरले देत नाई बाप्पा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "त्याइले टॅनिन होते."

तिसऱ्या दिवशी अर्जुनराव स्वतः मास्तरच्या ओसरीत आले. विहिरीसाठी तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा, अर्ज होता. अर्ज झाला. बेबी कपबशी घेऊन आली.

"नाई बाप्पा!" अर्जुनराव मोठ्याने म्हणाले. "मास्तर, तुमीच तं सांगतलं अन् तुमीच पाजता काय?" आणि आपल्या विनोदावर खूश होऊन हसले. त्यांनी जमिनीकडे पाहिले नाही. सरळ मास्तरच्या तोंडाकडे पाहिले.

त्यानंतर सगळ्यांचे तेच. पित्त गेले, उपास गेले, आत्ताच घेऊन आलो गेले. सबंध गावाला मिळून एकच कारण मिळाले, तेही शास्त्रीय, सरकारमान्य, आणि ज्याचे त्याला परत करता येईल असे. माणिकराव तर बेबी चुलीजवळ गेली की इथूनच ओरडत, "टॅनिन, टॅनिन!"

एका संध्याकाळी मास्तरला मोतीरामच्या हॉटेलात अर्जुनराव दिसले. बशीत ओतून दुसरा कप चालला होता. मास्तर रस्त्यातच उभा राहिला. अर्जुनराव जराही गोंधळले नाहीत.

"हा पानीदार हाये, मास्तर. याच्यात नसते. तुमच्या घरचा कडक रायते."

मास्तरने घरी येऊन हे बेबीला सांगितले. भिंतीशी पडलेल्या म्हातारीने ऐकले. मग म्हणाली, "आंधी लाजत होते रे लोक. नाई म्हनाचे, पन लाजत होते. तू त्याइची लाजबी काढून घेतली."

मास्तरला मॅट्रिकच्या परीक्षेत मराठीत शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी मिळाले होते, पण हे वाक्य त्याला सुचले नसते.

पौष लागला आणि अंबूबाईच्या पायांवर सूज आली. गोळ्या चालू होत्या, पण फार उशिरा चालू झाल्या होत्या. डॉक्टरने अकोल्याला न्यायला सांगितले. ती म्हणाली, अकोल्याला तिला कुणी ओळखत नाही. तिथे कोण येईल भेटायला?

"इथं कोन येते?" मास्तर चिडून म्हणाला.

"येईन."

आणि ती आली. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी, सबंध रस्त्याच्या देखत, अन्नपूर्णाबाई पाटलीण हातात डबा घेऊन ओसरीची पायरी चढल्या. मोठ्या मनाची बाई, हे वाड्यातही सगळे म्हणत. खुर्ची सोडून त्या खाली, अंबूबाईच्या गोधडीजवळ बसल्या. डब्यात तिळाचे लाडू होते. एक मोडून त्यांनी अंबूबाईच्या तोंडात वरून घातला, हात ओठांना लागणार नाही इतक्या बेताने. लाडू पाटलांकडून वाड्यात येऊ शकत होते. ती वाट पूर्वीपासून होती आणि एकाच दिशेने होती.

"काय वं अंबू, काय करून घेतलं हे?"

"म्हतारी झाली, बाई."

"माह्याच बरोबरीची हायेस. म्हतारी कायची होते!"

दोघी हसल्या. अन्नपूर्णाबाईंचे डोळे पाण्याने भरले होते, आणि त्यात काही खोटे नव्हते. अंबूबाईने मान वळवून सुनेकडे पाहिले. बेबी आधीच चुलीशी गेली होती.

चहा आला. निळ्या फुलांचा कप, बशीत एकही थेंब सांडलेला नाही. बेबीने तो अन्नपूर्णाबाईंच्या पुढे ठेवला आणि दाराआड झाली. मास्तर दारात उभा होता. रस्त्यावर दोन-तीन माणसे उगाच थांबली होती.

"घे, बाई."

अन्नपूर्णाबाईंनी कपाकडे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले.

"मास्तरनंच सांगतलं ना वं. रक्त जाते म्हनते."

"माहं गेलं. तुहं नाई जात एका कपानं." अंबूबाई हाताच्या कोपरावर उठू लागली. "तुह्या भाऊरावच्या बाळंतपनाच्या वक्ताचं आठोते का? दोन दिवस आडली होतीस. म्या गुळाचा चहा करून पाजला, या हातानं. पेलीस ना?"

"पेली वं. इसरन काय मी? तो नसता तं मी मेली असती." अन्नपूर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. "पन ते सोयरातलं होतं, अंबू."

सोयरात, बाळंतिणीच्या खोलीत, बारा दिवस कुणी कुणाचे नसते, सगळेच विटाळलेले असतात. ते धरायचे नसते.

"मंग पानी घे," अंबूबाई म्हणाली. "पान्यात तं काई नसते ना?"

पाण्याला टॅनिनचे कारण चालत नव्हते. अन्नपूर्णाबाईंचा हात पुढे आला. तो कपाच्या कानाला लागला. मास्तरने स्पष्ट पाहिले. कप बशीवर जरासा वाजला.

अंबूबाई पोराकडे वळली. "सांग ना रे तिले, सहादेवा. तू शिकलेला हायेस. एका कपानं काय होते?"

मास्तर बोलू लागला. पडवीत जे गाळले होते, ते सगळे त्याने आता सांगितले. की चहा हे विष नाही. की जेवणानंतर दोन तासांनी घेतला तर लोहाला काही धक्का लागत नाही, आणि पाटलीणबाईंना तर जेवून बराच वेळ झाला असेल. की एका कपाने काही होत नाही, स्वतः डॉक्टर म्हणाले. तो शिकवताना बोले तसा बोलत होता, मुद्द्याला मुद्दा लावून, आणि त्याचा आवाज मात्र भीक मागणाऱ्याचा येत होता.

अन्नपूर्णाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. हात मागे गेला होता.

"नाई बाबा," त्या मायेने म्हणाल्या. "तुमी त्या दिवशी सबंद गावात तसं सांगतलं अन् आज असं सांगता. आमी अडानी बाया. आमी कोनतं धरावं?" आणि उठल्या. अंबूबाईच्या कपाळावरून हात फिरवायला वाकल्या, तिथपर्यंत हात नेला, आणि पदर सारखा केला. "लाडू खाजो बरं का वं. तूप घातलं हाये."

त्या गेल्या. रस्त्यावरची माणसेही गेली.

बेबी कप उचलायला आली, परसाकडे जायला.

"कुठी नेतं?" अंबूबाई म्हणाली. "आन इकडे."

"आत्याबाई, तुमाले नाई सांगतला ना."

म्हातारीने हात पुढे करून ठेवला होता. बेबीने नवऱ्याकडे पाहिले. त्याने आईला पाठीमागून आधार देऊन बसवले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिने चहा घेतला. तो निवून गेला होता, वर साय धरली होती. तिने सगळा प्यायला.

"साखर बरोबर झाली होती," ती म्हणाली. "बेबी, तुही काई चूक नाई."

चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, अंबूबाई गेली.

वाड्यातली माणसे जमली. पुढची तयारी सुरू झाली. मास्तरला आत बसवेना. पाटलीणले सांगजो, असे आई आदल्या दिवशी म्हणाली होती. ते त्याने धरले आणि तो तसाच अनवाणी निघाला. वाटेत मोतीरामच्या हॉटेलात बसलेले लोक त्याला पाहून उभे राहिले. माणिकरावांनी टोपी काढली. चाळीस वर्षांची दाई होती. गावाला खरोखरच वाईट वाटले.

पाटलांच्या वाड्याच्या दारातून आत तो गेला नाही. अंगणाच्या कडेला, जिथे आई उभी राहत असे, तिथे उभा राहिला. अन्नपूर्णाबाई पडवीत बसल्या होत्या, शेजारी त्यांची मोठी सून. दुपारच्या चहाची वेळ होती.

"बाई, आई गेली," तो म्हणाला.

अन्नपूर्णाबाईंनी एकदम हंबरडा फोडला. "माही अंबू गेली वं! आता मले कोन हाये!" त्यांनी कपाळ खांबावर आपटले. सुनेने त्यांना धरले. त्या लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडत होत्या. घरातले सगळे धावत आले, अर्जुनरावही आले आणि खाली मान घालून उभे राहिले. मास्तरलाच, तिथून, "रडू नका बाई" असे म्हणावे लागले.

रडण्यात त्यांच्या पुढ्यातला चहा निवला. सुनेने तो नेला आणि दुसरा गरम आणून दिला. तो त्यांनी घेतला.